बारा जीबीचा ओटा

मी सत्तेचाळिशीची बाई. डोंबिवलीत राहते, सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बसते आणि रात्री जेवणं आवरून दुधाला विरजण लावलं की प्रागहून रॉटरडॅमला ट्रक घेऊन जाते. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा २०१२ सालचा खेळ. त्यात माल वेळेत पोचवायचा, डिझेल भरायचं, सिग्नल तोडला तर दंड भरायचा आणि ड्रायव्हर जांभया द्यायला लागला की गाडी बाजूला घेऊन झोपायचं. "दिवसभर बँकेत राबतेस, घरी येऊन परत हमाली कसली करतेस?" असं आमचे हे विचारतात. त्यांना काय सांगू? त्या हमालीत कुणी "मॅडम, सर्व्हर कधी येणार?" म्हणून विचारायला येत नाही. समोर सरळ रस्ता, आणि शेजारच्या सीटवर कुणीही नाही.

ट्रकचा कंटाळा आला की घोडा. 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये १८९९ सालची अमेरिका आहे, टोपीवाला नायक आहे, डोंगर, नद्या, बर्फ सगळं आहे. निदान आहे असं म्हणतात. कारण माझ्या पीसीत इतकी वर्षं होतं ते 'जीटीएक्स १०५० टीआय' हे ग्राफिक्स कार्ड, २०१६ सालचं, चार जीबी मेमरीचं. अत्यंत गुणी कार्ड. ७५ वॅटमध्ये सगळा संसार. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळेल तेवढ्या विजेवर भागवायचं, वेगळी वायर कधी मागितली नाही, आवाज कधी चढवला नाही. पण अलीकडे त्याच्यावर झाडं दिसायची, पानं दिसायची नाहीत. लांबच्या डोंगरावर काहीतरी हिरवं सांडलंय, एवढाच बोध व्हायचा. त्याला निवृत्त करायची वेळ आली होती, आणि आमच्या घरात निवृत्तीपेक्षा नव्या भरतीवर जास्त चर्चा होते.

आधी या जगातली श्रीमंती-गरिबी समजून घ्या. एनव्हिडियाचं 'आरटीएक्स ५०९०' जानेवारी २०२५ मध्ये आलं, तेव्हा त्याची किंमत १,९९९ डॉलर होती. आपल्याकडे दोन लाखांच्या पुढे. ५७५ वॅट वीज खातं. त्या पैशात आमची शाखा दोन स्कूटरची कर्जं मंजूर करते, आणि हप्ते थकले तर स्कूटर ओढून तरी आणता येते. असल्या कार्डांच्या खाली, बऱ्याच खाली, एक मजला आहे, त्याला 'बजेट' म्हणतात. आमचं १०५० टीआय आलं तेव्हा त्या मजल्याचं भाडं १३९ डॉलर होतं. आता २५० ते ३०० डॉलर झालंय. मजला तोच, लिफ्ट बंद तीही तीच.

मी घेतलं ते इंटेलचं 'आर्क बी५८०'. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला बाजारात आलं. डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरा, एकवीस हजार झाले. त्यावर अठरा टक्के जीएसटी चढवा, पंचवीस हजार. त्यावर आयात करणारा, वितरक, दुकानदार आणि "मॅडम, स्टॉकच नाहीये" हे वाक्य, अशी प्रत्येकाची दक्षिणा. ज्या रकमेला अमेरिकेतला माणूस 'स्वस्तात मस्त' म्हणतो, ती माझ्या हातात येईपर्यंत दिवाळीच्या खरेदीएवढी होते. पण बजेट म्हणजे बजेट. मी गणित मांडलं, कागदावर रेघ मारली आणि घरात जाहीर केलं.

"एवढ्या पैशात काय येतं त्यात?" ह्यांनी विचारलं.

"बारा जीबी."

"माझ्या फोनमध्ये आठ आहेत, आणि त्यावर बोलताही येतं."

इथे मला ओट्यावर यावं लागलं. कार्डाची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. खेळातली झाडं, भिंती, घोड्याची कातडी, पाण्यावरची चमक हा सगळा माल चित्र काढताना ओट्यावर हाताशी लागतो. ओटा आठ फुटी असला आणि माल दहा फुटी निघाला, की दोन वस्तू आतल्या खोलीतल्या टेबलावर जातात आणि फोडणी करपत असताना बाईला तिथे धावावं लागतं. हे धावणं किती महाग पडतं तेही सांगते. बी५८० स्वतःच्या ओट्यावरून सेकंदाला ४५६ जीबी माल उचलतं. तोच माल पीसीच्या मुख्य रॅममधून आणायचा तर स्लॉटच्या वाटेने सेकंदाला जेमतेम सोळा जीबी येतो. म्हणून मेमरी कमी पडली की खेळ संथ होत नाही, तो गचके खातो. आणि नव्या खेळांचा पसारा आठ जीबीत मावेनासा झाला आहे.

यात एनव्हिडियाने जी गंमत केली ती मला कर्जाच्या फायलीतही कधी दिसली नाही. २०२१ साली त्यांचं 'आरटीएक्स ३०६०' आलं, बारा जीबीचं. दोन वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ 'आरटीएक्स ४०६०' आला, आठ जीबीचा, २९९ डॉलरला. पिढी पुढे गेली आणि ओटा चार फुटांनी आखडला! वीज मात्र तो खरंच कमी खातो, ११५ वॅट, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. एएमडीचं 'आरएक्स ७६००' त्याच वर्षी आलं, तेही आठच जीबीचं. या दोघांच्या पंगतीत तिसऱ्याने कमी पैशात बारा जीबी वाढले, तर मी पान का आखडावं?

हा तिसरा पाहुणा तसा नवखा नाही. इंटेलने १९९८ साली 'आय७४०' नावाचं ग्राफिक्स कार्ड आणून पाहिलं होतं, ते फार टिकलं नाही. मग 'लाराबी' नावाचा मोठा घाट घातला, तो डिसेंबर २००९ मध्ये दुकानात येण्याआधीच गुंडाळला. त्यानंतर २०२२ साली 'आर्क' या नावाने पुन्हा श्रीगणेशा. पिढ्यांची नावं त्यांनी अक्षरक्रमाने ठेवली आहेत. ए वरून 'अल्केमिस्ट' म्हणजे किमयागार, बी वरून 'बॅटलमेज' म्हणजे लढवय्या जादूगार, पुढे 'सेलेस्टियल' आणि 'ड्रुइड'. पहिल्या किमयागाराच्या ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, सुरुवातीला लोकांना चांगलंच रडवलं. जुने डायरेक्टएक्स ९ वाले खेळ तर तो इतक्या अनिच्छेने चालवायचा की २०२३ मध्ये इंटेलला त्यासाठी खास सुधारणा कराव्या लागल्या. जादूगार त्यामानाने शिकून-सवरून आला आहे. नावं ठेवण्याचा हा उत्साह कार्ड बनवणाऱ्या बाकीच्या कंपन्यांमध्येही आहे. एकाचं बी५८० 'टायटन', दुसऱ्याची तर दोन, 'स्टील लेजंड' आणि 'चॅलेंजर'. खोक्यावर विजा कडाडत असतात. घरी नेऊन त्यावर मी टोमॅटोचा ट्रक चालवणार असते.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला गेले. मनपाच्या पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावाने विचारलंत तर लोक तुम्हाला पोस्टमन समजतील. ऑनलाइन मिळत असताना तिकडे कशाला, असं मुलगी म्हणाली. पंचवीस हजारांची वस्तू हातात घेऊन उलटसुलट केल्याशिवाय घ्यायची नाही, हे माझं शिक्षण.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने माझ्या मागे पाहिलं. मग माझ्या डावीकडे पाहिलं. कुणीच नाही म्हटल्यावर नाइलाजाने माझ्याकडे पाहिलं.

"बेटे के लिए, आंटी?"

"माझ्यासाठी. बी५८० आहे?"

"इंटेल? वो तो प्रोसेसर बनाता है।" मग आवाज हळू करून, "आंटी, बेटे को पूछ के आओ।"

दुसऱ्या दुकानात आठ जीबीचं कार्ड माझ्या पुढ्यात ठेवून "यही चलता है, सब यही लेते है" असं सांगण्यात आलं. मी मेमरीची बस किती बिटची, असं विचारलं. बी५८०ची १९२, ४०६०ची १२८. त्यावर तो म्हणाला, "आप टीचर है क्या?" तिसऱ्या दुकानात मात्र एक वयस्कर मालक होते, अर्धा चष्मा नाकावर. त्यांनी माझा प्रोसेसर कुठला, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा आणि कॅबिनेट केवढं, हे तीन प्रश्न विचारले. बाई, मुलगा, नवरा यांपैकी कशाचीच चौकशी केली नाही. लॅमिंग्टन रोडवर देव भेटतो तो असा, स्टुलावर बसलेला. फक्त शेवटी त्यांनीही विचारलं, "बिल चाहिए क्या?" म्हणजे अठरा टक्के वाचतात. मी बँकेतली बाई. वॉरंटी बिलावर चालते आणि माझी झोप जीएसटी क्रमांकावर. बिल घेतलं, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घेतला, शिक्का मारून घेतला. मालकांनी शिक्का मारताना उसासा सोडला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

परतीच्या प्रवासात दादरला गाडी बदलून लेडीज डब्यात चढले. खोकं मांडीवर. समोरच्या बाईंनी कल्याणपर्यंत पुरेल असा विषय मिळाल्याच्या आनंदात विचारलं, "मिक्सर घेतलात?"

"नाही हो, ग्राफिक्स कार्ड."

"म्हणजे?"

"कॉम्प्युटरमध्ये बसवतात. चित्र चांगलं दिसतं."

"अगं बाई, मुलगा आर्किटेक्ट का?"

मी मान हलवली. कुर्ल्यापासून घाटकोपरपर्यंत माझा मुलगा आर्किटेक्ट होता. विक्रोळीला त्याच्यासाठी एक स्थळही आलं.

घरी खोकं उघडलं तेव्हा सासूबाई, हे आणि मुलगी असे तिघेही भोवती. कार्ड फूटपट्टीपेक्षा जेमतेम दोन-तीन बोटं आखूड, दोन कड्यांएवढे पंखे आणि मागे धातूची पाठ. जुनं १०५० टीआय त्याच्या शेजारी ठेवलं तर ते त्याचा चार्जर वाटलं. कॅबिनेटमध्ये शिरायला ते तयार होईना, कारण वाटेत जुन्या हार्ड डिस्कचा पिंजरा. तो स्क्रू काढून बाहेर केला. मग आलं एसएमपीएसचं प्रकरण. बी५८०ला १९० वॅट लागतात, त्यातला बराच भाग वेगळ्या आठ पिनच्या वायरीने द्यावा लागतो, आणि इंटेल सांगतं की एसएमपीएस ६०० वॅटचा हवा. आमचा साडेचारशेचा. म्हणून त्याच मालकांकडून साडेसहाशेचा घेऊनच आले होते, पण त्याचं खोकं मी वेगळ्या पिशवीत ठेवलं होतं आणि त्या पिशवीवर कोथिंबीर होती. घरातल्या अर्थखात्याला कोथिंबिरीखाली काय आहे ते तिसऱ्या मिनिटाला कळलं.

"हे त्या पंचवीस हजारांत आहे?" ह्यांनी विचारलं.

"हे घराचं आहे," मी म्हटलं. एसएमपीएस चांगला असला की सगळा पीसी सुरक्षित राहतो, हे शंभर टक्के खरं आहे आणि मी ते ठामपणे सांगितलं.

बसवायला मुलगी टॉर्च घेऊन उभी होती. तिला खेळांचं वेड नाही. ती सीएच्या परीक्षेला बसली आहे आणि "आई, तुझ्या वयाच्या बायका गच्चीत योगा करतात" हे वाक्य महिन्यातून एकदा बोलते. पण बायोसमध्ये शिरायची वेळ आली तेव्हा तीच कामाला आली. आर्क कार्डांना 'रिसायझेबल बार' नावाची सोय लागतेच. ती नसेल तर प्रोसेसरला कार्डाची मेमरी एका वेळी फक्त २५६ एमबीच्या फटीतून दिसते आणि बाकीचा माल आळीपाळीने त्या फटीसमोर आणावा लागतो. सोय चालू केली की बाराही जीबी एकदम उघडे. बाकीच्या कंपन्यांच्या कार्डांना हे नसलं तरी फार बिघडत नाही, आर्कला मात्र खूप बिघडतं. बायोसमध्ये आधी 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' चालू करा, मग 'रिसायझेबल बार' चालू करा, मग सेव्ह करून बाहेर पडा. मुलीने मोबाइलवरून पायऱ्या वाचल्या आणि मी हात जोडून एफ-टेन दाबलं.

पडदा उजळला. ड्रायव्हर चढला. सगळे टाळ्या वाजवणार तेवढ्यात हे काचेतून आत डोकावून म्हणाले, "पंखे फिरत नाहीयेत."

"थंड असलं की थांबतात ते. काम पडलं की फिरतील."

"नवीन वस्तू आहे आणि पंखे फिरत नाहीत. परत कर."

"अहो, तशीच रचना आहे."

"आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, तेही हेच सांगतात स्वतःबद्दल."

मी घोडा पळवला तेव्हा पंखे फिरले, आणि ह्यांचा मोर्चा विजेकडे वळला. विजेच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी गणित मांडलं. १९० वॅट, रोज दोन तास, महिना तीस दिवस. अकरा युनिटच्या वर. "अकरा युनिट!" ते म्हणाले, अकरा तोळे गेल्याच्या सुरात. मी पेन घेतलं आणि त्याखाली लिहिलं, गीझर २,००० वॅट, रोज वीस मिनिटं. महिन्याला वीस युनिट. हा गीझर कुणाच्या आंघोळीसाठी वीस मिनिटं चालतो ते मी लिहिलं नाही, पण आकड्याला नाव लागतंच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लहानपणीही असाच, बंबातलं सगळं पाणी संपवायचा." त्या दिवसापासून बिलाची पाठ कोरी आहे.

आता कार्डाबद्दल. परीक्षण करणारे लोक पन्नास खेळ लावून एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते मोजतात, आलेख काढतात. आमच्याकडे तपासणी अधिकारी सासूबाई. त्यांचं माहेर मिरजेजवळचं, घरी बैल होते, वडिलांकडे एक घोडं होतं, त्यामुळे रेड डेडमधल्या घोड्यावर त्यांचा हक्क आहे. जुन्या कार्डाच्या काळात त्या माझ्यामागे बसून माळ ओढायच्या आणि मध्येच "ते पिवळं काय गं?" विचारायच्या. ते गवत असायचं. परवा मी सेटिंग्ज वर चढवून घोडा नदीकाठाने नेला, तर माळ थांबली.

"अगं, घाम सुटलाय त्याला. उतर की खाली."

खरंच सुटला होता. मानेवरची आयाळ वेगवेगळ्या केसांची दिसत होती, पोटाला चिखल लागलेला, ऊन तिरपं पडलं की खांद्याखालचा स्नायू हलताना दिसायचा. चिखल ओला कुठला आणि वाळलेला कुठला हेही कळत होतं. मी उतरले, ब्रश मारला, गवत घातलं. "पाणी दाव," असा हुकूम आला, तेही दावलं. पुढे मिशनमध्ये रेल्वे लुटायची होती. टोपीवाल्याने तोंडाला रुमाल बांधताच सासूबाई उठल्या आणि "ही असली कामं मी झोपल्यावर कर" म्हणून आत गेल्या. त्यामुळे त्या जाग्या असेपर्यंत आमचा डाकू फक्त मासे धरतो. नव्या कार्डावर पाण्यातले मासे काठावरून दिसतात, हे माझ्यासाठी कुठल्याही आलेखापेक्षा मोठं प्रमाणपत्र आहे.

ट्रकमध्ये फरक दिसला तो आरशांत. बाहेरून साधे वाटतात, पण तिथे मागचा सगळा रस्ता पुन्हा एकदा रंगवावा लागतो, म्हणून जुन्या कार्डावर मी आरशांची गुणवत्ता तळाला नेऊन ठेवली होती. मागून येणारी गाडी म्हणजे करडा डाग. आता पावसाळी रात्री हमरस्त्यावर मागच्या गाडीचे दिवे ओल्या डांबरावर लांबट पसरलेले दिसतात. त्या नादात मी टोल नाक्याचा दांडा उडवला, दंड झाला.

एक गोष्ट मात्र माझ्या बँकेच्या मनाला पटत नाही. इंटेलच्या 'एक्सईएसएस २' मध्ये फ्रेम जनरेशन नावाची सोय आहे, 'एफ-वन २४' सारख्या खेळात ती आधी आली. दोन खरी चित्रं काढायची आणि त्यांच्या मध्ये एक चित्र कार्डाने स्वतःच्या अंदाजाने घालायचं. पडद्यावरचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो, हालचाल गुळगुळीत दिसते. पण मधल्या चित्राला तुम्ही काय बटण दाबलं याची खबर नसते, त्यामुळे गाडी दिसायला चपळ, हाताला तेवढीच. आमच्याकडे दोन खऱ्या व्हाउचरमध्ये एक अंदाजाचं व्हाउचर घातलं तर रिझर्व्ह बँक मधल्या व्हाउचरवर सह्या कुणाच्या ते विचारते. एनव्हिडिया, एएमडी, सगळेच आता हे करतात, आणि खोक्यावर तोच आकडा मोठ्या टायपात छापतात. त्याच 'एक्सईएसएस'चं दुसरं काम, कमी रेझोल्यूशनमध्ये चित्र काढून ते मोठं आणि नीटनेटकं करणं, मला पुष्कळ प्रामाणिक वाटतं. त्यात निदान खऱ्या चित्रांची संख्या वाढते.

आणि आता जिथे पाय मुरगळतो ती पायरी. जानेवारी २०२५ मध्ये परीक्षकांनी हे कार्ड जुन्या प्रोसेसरांबरोबर लावून पाहिलं. तोपर्यंत बहुतेकांनी ते महागड्या प्रोसेसरबरोबर मोजलं होतं, जणू अडीचशे डॉलरचं कार्ड घेणारा माणूस पाचशेचा प्रोसेसर घरात घेऊन बसलेला असतो. एएमडीच्या राईझन ५ २६०० या जुन्या प्रोसेसरवर गाडी बऱ्याच खेळांत चांगलीच मागे पडली, आणि काही खेळांत ५६०० वरसुद्धा. कारण आर्कचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो. प्रोसेसर दमला की कार्ड रिकामं बसून राहतं. गोम अशी की स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना प्रोसेसर असतो. त्याला हे कार्ड पुरेपूर वापरायचं तर प्रोसेसर बदलायचा, नव्या प्रोसेसरला बऱ्याचदा नवा मदरबोर्ड, त्याला नवी रॅम, आणि पंचवीस हजारांची सुरुवात साठावर जाऊन दम घेते. माझा ५६०० आहे, म्हणजे काठावर पास. माझे दोन्ही खेळ त्याला झेपतात, म्हणून मी तिथेच रेघ मारली.

तशीच रेघ मॉनिटरवरही मारली आहे. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांच्या वर तो दाखवूच शकत नाही. कार्डाने ऐंशी काढली काय नि शंभर काढली काय, वरची वाया. मुलगी म्हणाली, "मग १४४ हर्ट्झचा घेऊया ना." ह्यांनी पेपर खाली केला. मी सेटिंगमध्ये जाऊन साठाची मर्यादा लावली. वीज वाचते, पंखे हळू फिरतात आणि घरात चहा वेळेवर मिळतो.

तर बाई म्हणून, गिऱ्हाईक म्हणून आणि कर्ज विभागातली म्हणून माझा निकाल असा. १०८०पी वा १४४०पीवर खेळणाऱ्याने, ज्याचा प्रोसेसर चार-पाच वर्षांपेक्षा जुना नाही, त्याने बी५८० बेलाशक घ्यावं, या पैशात इतका ओटा सहसा मिळत नाही. घेण्यापूर्वी बायोस उघडून 'रिसायझेबल बार' आहे की नाही ते डोळ्याने पाहा, दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नका. प्रोसेसर २६०० च्या वयाचा असेल तर कार्डाच्या नादी लागू नका, आधी तो बदला. आठ जीबीचं नवं कार्ड कुणी याच किमतीत गळ्यात मारत असेल तर हसून दुकानाबाहेर या. आणि एसएमपीएसचा खर्च पहिल्या दिवशीच त्याच कागदावर लिहा. कोथिंबीर फार वेळ टिकत नाही.